परदेशातलं ग्रीक मंडळ : वर्गणी भरावी का?

१९०३ साली अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात इकारिया बेटावरून आलेल्या ग्रीकांनी एक बंधुमंडळ स्थापन केलं. पिट्सबर्ग म्हणजे तेव्हा पोलादाच्या भट्ट्या, धूर आणि बारा-बारा तासांच्या पाळ्या. कामावर माणूस भाजला किंवा मेला तर मालकाने भरपाई द्यावी, असा कायदा त्या राज्यात अजून व्हायचा होता. इकारिया ऑटोमन साम्राज्यात होतं, म्हणजे कागदोपत्री हे मजूर सुलतानाची प्रजा; ग्रीस देशाशी त्यांचं नातं भाषेचं आणि धर्माचं. आपल्यातलं कुणी गेलं तर त्याला मातीआड कुणी करायचं, घरी पत्र कुणी लिहायचं, इथपासून अडचणी होत्या. सरकार, मालक आणि वकिलात यांपैकी कुणीच आपलं नाही म्हटल्यावर उरतो तो गाववाला. ते मंडळ आजही चालू आहे. त्याच्या शाखा आहेत, अधिवेशनं भरतात, आणि इकारियावर आयोस किरिकोस गावात जे रुग्णालय उभं राहिलं त्यासाठी अमेरिकेतल्या इकारियनांनी डॉलर पाठवले होते.

आता धरून चालू, की अशाच एखाद्या मजुराची पणती आज ओहायोत किंवा मेलबर्नमध्ये राहते. आडनावाची लांबी पणजोबांनीच निम्मी करून ठेवलेली, ग्रीक ‘कालीमेरा’च्या पुढे जात नाही, नवरा आयरिश वंशाचा. मुलांना सुव्लाकी आवडते, पण पिझ्झाही तितकाच आवडतो. तिच्या पत्त्यावर पूर्वजांच्या बेटाच्या मंडळाचं सभासदत्वाचं पत्रक येतं. तिने वर्गणी भरावी का?

रक्कम किरकोळ असते, त्यामुळे प्रश्नही किरकोळ वाटतो. भरणारे ‘आपली मुळं’ म्हणून भरतात, न भरणारे पत्रक कचऱ्यात टाकतात, आणि दोघांनाही त्यावर फारसा विचार करायची गरज वाटत नाही. तरी तो करण्याजोगा आहे, आणि मराठी माणसाला तर जास्तच. लालबाग-परळच्या चाळींत कोकणातल्या गावागावांची ग्रामस्थ मंडळं होती. धोबीतलाव-माझगाव भागात गोव्याच्या गावांनी आपल्या खलाशांसाठी कूड चालवले. बोट मिळेपर्यंत ट्रंक ठेवायला आणि पाठ टेकायला जागा. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. मात्र अमेरिका-ऑस्ट्रेलियातल्या आपल्या बहुतेक मंडळांत अजून पहिली-दुसरी पिढी खुर्च्या मांडते आहे. ग्रीकांची चौथी आणि पाचवी पिढी तिथे मोठी झाली. मंडळ जुनं झाल्यावर त्याचं काय होतं, हे त्यांच्याकडे पाहून कळतं.

सभासदत्वाच्या बाजूने सांगण्यासारखं सगळ्यात भक्कम जे आहे, ते संस्कृतीच्या खात्यात येत नाही. ते आहे संरक्षणाच्या खात्यात. फेब्रुवारी १९०९ मध्ये नेब्रास्का राज्यातल्या साउथ ओमाहा गावात एका ग्रीक माणसाच्या हातून पोलीस मारला गेल्याचं निमित्त झालं आणि हजारोंच्या जमावाने ग्रीक वस्ती जाळली, लुटली, रहिवाशांना गावाबाहेर पिटाळलं. ऑगस्ट १९१८ मध्ये कॅनडातल्या टोरांटोत ग्रीकांच्या खानावळींच्या काचा आणि टेबलं फुटली. तिथे फोडणाऱ्यांत युद्धावरून परतलेले सैनिक पुढे होते. मग आला गोऱ्या वर्चस्ववाद्यांचा कू क्लक्स क्लान. आज ग्रीक माणसाला अमेरिकेत सहज गोरा धरतात. त्या काळी ते गृहीत नव्हतं. क्लानचा तळ अटलांटात होता, आणि अटलांटातच २६ जुलै १९२२ रोजी काही ग्रीक व्यावसायिकांनी ‘अहेपा’ ही संघटना काढली.

अहेपाचा डाव बघण्यासारखा आहे. तिने कामकाजाची भाषा इंग्रजी ठेवली. सभासदांनी अमेरिकेचं नागरिकत्व घ्यावं, मतदान करावं, शेजाऱ्यांत मिसळावं, असा तिचा आग्रह. ग्रीकांची संघटना आणि पहिला ठराव जणू कमी ग्रीक दिसण्याचा! साहजिकच पुष्कळांना ते झोंबलं. पुढच्याच वर्षी, १९२३ मध्ये, ‘गापा’ नावाची दुसरी संघटना उभी राहिली. तिचा आग्रह ग्रीक भाषेचा आणि ऑर्थोडॉक्स धर्माचा. दोघींत चुरस लागली. १९२४ च्या कायद्याने अमेरिकेने ग्रीकांसाठी वर्षाला अवघ्या १०० जागा ठेवल्या, गावाकडून ताजं रक्त येणं थांबलं, आणि चुरशीचा निकाल पुढच्या काही दशकांत आपोआप लागत गेला. गापा आक्रसत संपली. अहेपा मोठी झाली. फ्रँकलिन रूझवेल्ट आणि हॅरी ट्रुमन तिचे सभासद होते. भाषा धरून बसलेली संघटना गेली आणि भाषा सोडलेली राहिली, हे भाषाप्रेमींच्या घशाखाली उतरत नाही. आपल्याकडच्याही उतरणार नाही.

पण अहेपा टिकली ती नुसती इंग्रजीमुळे असंही मला वाटत नाही. तिला दर पिढीत काहीतरी काम मिळत गेलं. क्लानचा जोर ओसरल्यावर शिष्यवृत्त्या आल्या, दुसऱ्या महायुद्धात युद्धकर्जाचे रोखे विकणं आलं, १९७४ मध्ये तुर्कस्तानचं सैन्य सायप्रसमध्ये उतरल्यावर वॉशिंग्टनमध्ये खेटे घालणं आलं. आज या संघटनेच्या नावाने अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांसाठी सरकारी मदतीने बांधलेल्या इमारती आहेत, आणि तिथे घर मिळायला ग्रीक असावं लागत नाही. क्लानच्या भीतीने एकत्र आलेल्या मिठाईवाल्यांच्या आणि खानावळवाल्यांच्या संघटनेकडे आज कृष्णवर्णीय आजीबाई भाडेकरू असू शकते. मंडळाची किंमत करताना मी हे माप धरतो: त्याच्याकडे आज करण्यासारखं, खरोखरीचं, कुणाच्या तरी उपयोगाचं काम आहे का? वारसा त्या कामासोबत येतो. नुसता वारसा मांडून बसलं की वर्षाला एक नाच आणि एक जेवण उरतं.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. ‘आपला माणूस’ नेहमी आपल्या भल्याचा असतो हे ग्रीकांच्या इतिहासात तरी दिसत नाही. युटा राज्यात लिओनिदास स्क्लिरिस नावाचा मुकादम होता. ग्रीकांना खाणीत आणि रेल्वेवर काम मिळवून द्यायचा, त्याचे पैसे घ्यायचा, वर पगारातून दरमहा कापून घ्यायचा. लोक त्याला ‘ग्रीकांचा झार’ म्हणत. १९१२ मध्ये बिंगहॅमच्या तांब्याच्या खाणीत संप झाला तेव्हा क्रीट बेटाच्या मजुरांची ठळक मागणी होती, आधी या स्क्लिरिसला हटवा. त्याला जावं लागलं. पण संप मोडायला जे मजूर आणले गेले, त्यांतही ग्रीक होते. शहरांत बूटपॉलिशवाले मालक गावाकडून नात्यातली पोरं आणायचे आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत राबवायचे. आईबापांना वाटायचं, मुलगा काकाकडे आहे. इंग्रजी न येणाऱ्याला बाहेरच्या जगापासून वाचवणारा दलाल त्याला बाहेरच्या जगापर्यंत पोचूही देत नव्हता.

त्यात भर भांडणांची. १९१५ पासून ग्रीसमध्ये राजा कॉन्स्टंटाइन आणि पंतप्रधान वेनिझेलोस यांच्यात देश दुभंगला आणि ती फूट बोटीने अमेरिकेत पोचली. राजाची बाजू घेणारं ‘अटलांटिस’ हे वर्तमानपत्र आधीपासून होतंच, वेनिझेलोसवाल्यांनी १९१५ मध्ये ‘नॅशनल हेरल्ड’ काढलं. एका शहरात दोन चर्च झाली, दोन कॅफेनिओ झाले. सकाळची कॉफी कुठे प्यायची यावरून माणसाचं राजकारण कळू लागलं. हजारो मैलांवरच्या राजासाठी शिकागोत सोयरिकी मोडल्या असतील तर आश्चर्य नको. ऑस्ट्रेलियात वेगळा कज्जा. तिथल्या ‘किनोतिता’, म्हणजे ग्रीक समाजाच्या नोंदणीकृत संस्था, सामान्य सभासदांनी उभ्या केलेल्या. मेलबर्नची १८९७ ची. चर्चच्या इमारती त्यांच्या मालकीच्या. १९२४ मध्ये ऑस्ट्रेलियासाठी ऑर्थोडॉक्स धर्मपीठ स्थापन झालं आणि चर्च कुणाचं, समाजाचं की धर्मगुरूंचं, हा वाद दशकानुदशकं चालला. एका बाजूच्या पाद्र्याने लावलेलं लग्न दुसरी बाजू मानायला तयार नाही, इथवर मजल गेली. बाहेरच्याला हे हास्यास्पद वाटेल. आत असलेल्यांच्या मुलींची लग्नं होती ती.

मायदेशाच्या राजकारणाचं ओझं यापेक्षा जड. १९६७ ते १९७४ ग्रीसमध्ये कर्नलांची लष्करी हुकूमशाही होती. पश्चिम जर्मनीत १९६० च्या करारानंतर गेलेल्या ग्रीक कामगारांच्या संस्थांनी तिच्याविरुद्ध आवाज उठवला. अमेरिकेतल्या प्रस्थापित ग्रीक संस्थांपैकी बऱ्याच गप्प बसल्या किंवा कर्नलांशी जुळवून राहिल्या. त्याच काळात निक्सन यांचे उपाध्यक्ष स्पायरो अॅग्न्यू हे ग्रीक स्थलांतरिताचे चिरंजीव होते, याचा अभिमान मात्र सगळीकडे होता. पुढे मॅसिडोनियाच्या नावाचा वाद आला. शेजारच्या नव्या देशाने ते नाव घेऊ नये म्हणून मेलबर्नच्या रस्त्यांवर ग्रीकांचे प्रचंड मोर्चे निघाले. गंमत अशी, की मेलबर्नमधले कितीतरी ग्रीक आणि स्वतःला मॅसिडोनियन म्हणवणारे स्लाव्ह हे दोघेही उत्तर ग्रीसच्या फ्लोरिना परिसरातून, लागून असलेल्या गावांतून आलेले. मेलबर्नला एकाच कारखान्यात कामाला, मुलं एकाच शाळेत. दोन्ही देशांच्या सरकारांनी जून २०१८ मध्ये प्रेस्पा इथे करार करून वाद मिटवला, तेव्हा परदेशातल्या मंडळांनी निषेध केला. ज्यांना त्या सीमेजवळ राहायचं आहे ते तडजोडीला तयार, आणि ज्यांना राहायचं नाही ते बाणेदार. हा दोष ग्रीकांपुरता नाही, पण दोष आहेच. सायप्रसच्या बाबतीत याच संघटित दबावातून अमेरिकेने १९७५ मध्ये तुर्कस्तानला शस्त्रबंदी केली, जी १९७८ पर्यंत टिकली. तो दबाव मला समजतो; घरं गमावलेली हजारो माणसं समोर होती. मॅसिडोनियाच्या मोर्चांबद्दल मला तसं म्हणता येत नाही.

वर्गणी मागणाऱ्या पत्रकात हे काही नसतं. तिथे भाषा असते, नृत्य असतं, ‘मुलांना आपली ओळख’ असते. म्हणून भाषेचा हिशेब मांडू. ऑस्ट्रेलियाच्या २०२१ च्या जनगणनेत सव्वाचार लाखांच्या आसपास लोकांनी आपला वंश ग्रीक सांगितला. घरात ग्रीक बोलणारे निघाले सुमारे दोन लाख तीस हजार. २०१६ च्या तुलनेत पहिला आकडा वाढला, दुसरा घटला. वंश सांगायला काही लागत नाही, भाषेला रोज तोंड लागतं. ऑस्ट्रेलियातल्या ग्रीकांनी काही कमी केलेलं नाही: शनिवारच्या शाळा, संध्याकाळचे वर्ग, १९५७ पासून निघणारं ‘नेओस कॉस्मोस’ हे वर्तमानपत्र, रेडिओ, विद्यापीठांतले विभाग. स्थलांतरितांच्या भाषांत ग्रीक ऑस्ट्रेलियात दीर्घकाळ चिवट ठरली, ती या खटपटीमुळेच. तरीही ती घटते आहे. शनिवारी सकाळी दोस्त फुटबॉल खेळत असताना क्रियापदं पाठ करायला बसवलेलं मूल भाषा शिकतं की भाषेचा राग करायला शिकतं, हे शिक्षकावर अवलंबून. मंडळाने भाषा वाचवावी ही अपेक्षाच मला अवाजवी वाटते. भाषा आजी वाचवते, आणि आजी दुसऱ्या उपनगरात राहत असेल तर कुणीच नाही.

नृत्य आणि खाणं यांचं उलट आहे. ते टिकतं, जरा जास्तच टिकतं. पोन्तोसच्या, म्हणजे काळ्या समुद्राच्या तुर्की किनाऱ्यावरून हुसकावलेल्या ग्रीकांची मंडळं याचं चांगलं उदाहरण. १९२३ च्या ग्रीस-तुर्कस्तान लोकसंख्या-अदलाबदलीने त्यांची मूळ गावं कायमची गेली. परत जायला गावच नाही, मग मंडळ हेच गाव झालं. त्यांची उभी धरून वाजवायची लिरा आणि खांदे थरथरवणारी नृत्यं आज मेलबर्न, श्टुटगार्ट, टोरांटो इथली पोरं अशी करतात की पाहत राहावं. पण लोककला मंडळात शिकवली जाते तेव्हा तिला गणवेश येतो, पावलं ठरून जातात. २०१० नंतरच्या आर्थिक संकटात ग्रीसमधून लाखो तरुण बाहेर पडले. त्यांतले जे मेलबर्नला गेले, त्यांच्या आधी कानावर पडली ती आजोबांच्या वेळची बोली. आणि मग गावजत्रेची गाणी, जी अथेन्समध्ये त्यांनी हौसेने कधी ऐकली नव्हती. जुन्यांना वाटलं, ही पोरं आपली संस्कृती विसरली. पोरांना वाटलं, ही माणसं १९६५ सालात राहतात. तरीही पहिल्या महिन्याची खोली आणि पहिली नोकरी पुष्कळांना याच माणसांकडून मिळाली, आणि नोकरी देणाऱ्यांतल्या काहींनी आपल्याच माणसाला तुटपुंज्या पगारावर राबवलंही. स्क्लिरिस पुरता गेलेला नाही.

जवळून पाहिलं तर मंडळाचं खरं आयुष्य दिसतं ते स्वयंपाकघरात. जानेवारी लागला की ‘वासिलोपिता’ कापायची धांदल. हा नववर्षाचा केक, आत एक नाणं दडवलेलं. पहिला तुकडा ख्रिस्ताच्या नावाने, मग मरियम मातेचा, मग गरिबाचा, मंडळाचा, आणि त्यानंतर सभासदांचे. ज्याच्या तुकड्यात नाणं त्याचं वर्ष चांगलं. प्रत्येक मंडळ आपला रविवार धरतं, म्हणून नववर्षाचा हा केक फेब्रुवारीतही कापला जातो, आणि बेटाचं, प्रांताचं आणि चर्चचं अशी तीन सभासदत्वं असलेल्या माणसाला तेवढ्या वेळा नशीब आजमावता येतं. खासदार, नगरसेवक, वकिलातीचा प्रतिनिधी हजेरी लावतात. भाषणं लांबतात, मुलं नाण्यासाठी केक कुस्करतात.

दुसरा प्रसंग मयताचा. चाळिसाव्या दिवशी ‘कोलिवा’ लागतो. गहू उकडायचे, निथळून रात्रभर फडक्यावर पसरायचे, कोरडे झाले नाहीत तर सगळा घाट फसतो. मग त्यात बेदाणे, बदाम, डाळिंबाचे दाणे. वर भाजलेल्या पिठाचा थर, त्यावर पिठीसाखरेचा, दाबून गुळगुळीत केलेला. त्यावर बदामांनी क्रॉस आणि गेलेल्याच्या नावाची अक्षरं. हे एकट्या सुनेला जमत नाही, तिने केलेलंही नसतं. चर्चच्या महिला मंडळातल्या दोघी-तिघी येतात, एकीच्या हातात फडकं असतं. अमेरिकेत या महिला मंडळांची ‘फिलोप्तोखोस’ नावाची संघटना १९३१ पासून आहे आणि समाजाचं बरंचसं न दिसणारं काम तिच्याच अंगावर पडलं. कार्यकारिणीत पुरुष, पातेल्याशी बायका, अशीच वाटणी कितीतरी मंडळांत पिढ्यान्‌पिढ्या चालली. बंधुमंडळाच्या घटनेत भगिनींना मत मिळायला वेळ लागला. आमच्या त्या पणतीने हे विचारल्याशिवाय सही करू नये.

मंडळाची नड पुन्हा खरोखरीची झाली आहे ती एका अनपेक्षित जागी: म्हातारपणी. पन्नास-साठच्या दशकांत ऑस्ट्रेलियाला आलेली पिढी आता नव्वदीकडे झुकली. कारखान्यात चाळीस वर्षं वापरलेलं कामचलाऊ इंग्रजी स्मृतिभ्रंशात आधी जातं. उरते ती गावची बोली. अशा माणसाला ‘दुखतंय’ हे सांगायला समोर ग्रीक कळणारी परिचारिका असणं ही चैन नव्हे. म्हणून ग्रीक संस्थांनी तिकडे वृद्धाश्रम काढले आणि कुटुंबांनी विश्वासाने आईवडील तिथे ठेवले. जुलै २०२० मध्ये मेलबर्नच्या फॉकनर भागात, ऑर्थोडॉक्स धर्मपीठाच्या अशाच एका वृद्धाश्रमात कोविड शिरला. आरोग्य खात्याच्या आदेशाने नेहमीचे सगळे कर्मचारी एकाच वेळी विलगीकरणात गेले, बदली माणसं आली. त्यांना ना रहिवाशांची नावं माहीत, ना सवयी, ना भाषा. कोविडने तिथले ४५ रहिवासी दगावले. नंतर न्यायिक चौकशी झाली.

या घटनेचा दाखला दोन्ही बाजूंना देता येतो. ओळखीची, भाषेची माणसं गेल्याबरोबर काय झालं ते बघा, असं एक बाजू म्हणेल. संस्था आपली आहे म्हणून तयारी, कारभार, हिशेब यांबद्दल आपण पुरेसं विचारतो का, असं दुसरी. मला दुसरा प्रश्न अधिक टोचतो, कारण पहिल्याचं उत्तर सगळ्यांना माहीत आहे. आपल्या माणसांच्या संस्थेला प्रश्न विचारणं जड जातं; अध्यक्ष बापाचे मित्र असतात, खजिनदाराने आपल्या लग्नात नाच धरलेला असतो. वार्षिक सभेत ताळेबंद वाचला जातो तेव्हा मागच्या रांगेत कॉफीची चर्चा सुरू असते.

माणसं गेली आणि संस्था उरली, असंही घडलेलं आहे. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियातली ग्रीक किनोतिता १८४३ ची. कापसाच्या व्यापारावर ती इतकी श्रीमंत होती की तिच्यातल्या येओर्योस अवेरोफ यांनी १८९६ च्या ऑलिंपिकसाठी अथेन्सच्या संगमरवरी स्टेडियमचा खर्च उचलला. इजिप्तचे अध्यक्ष नासर यांच्या राष्ट्रीयीकरणानंतर बहुतेक ग्रीक निघून गेले. शाळा, वास्तू, दफनभूमी मागे राहिल्या, आणि मूठभर लोक त्या सांभाळत बसले. कोलकात्यात काळीघाटला ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्च आहे, विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात बांधलेलं; ग्रीक व्यापारी केव्हाच गेले, आता तिथे प्रार्थनेला बंगाली असतात. त्या व्यापाऱ्यांत खिओस बेटाचे राल्ली बंधू सगळ्यात बडे. १८२२ च्या ऑटोमन कत्तलीनंतर खिओसची घराणी जगभर पांगली होती. राल्लींनी नात्यागोत्यातले, बेटावरचे लोक पेढीवर घेत लंडन, कोलकाता, मुंबई असं जाळं विणलं. त्याच पेढीच्या नावाने चालणारी ‘रॅलीज’ कंपनी आज टाटा समूहात आहे आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला औषधाच्या डब्यावरून ते नाव पाठ आहे. बेटवाल्यांचं बेटवाल्यांना धरून राहणं किती दूरवर पोचू शकतं, त्याचं याहून ठळक उदाहरण मला तरी माहीत नाही. अर्थात ते धरून राहणं खिओसच्या बाहेरच्या कारकुनाला कसं वाटत असेल, हेही मनात येतं.

वर्गणी न भरता ग्रीक राहता येतं का? हो, आणि बहुतेक तसेच राहतात. ग्रीसने २०१९ मध्ये कायदा करून परदेशस्थ मतदारांना राहत्या देशातून मतदानाची सोय दिली. मे २०२३ च्या निवडणुकीत ती पहिल्यांदा वापरली गेली तेव्हा जगभरातून नोंदणी पंचवीस हजारांच्या आतच राहिली. देशाशी औपचारिक नातं फार थोड्यांना हवं आहे. अमेरिकेत ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये लागणारी निम्म्याहून जास्त लग्नं मिश्र असतात. तेव्हा ज्या मंडळाच्या घटनेत सभासदत्व रक्तावर ठरतं, त्याला सून चालेल पण तिचं मत चालणार नाही, अशी तऱ्हा होते. आणि कोलिवाचे गहू निथळायला मात्र तिला बोलावणं येतं. अशा मंडळाची वर्गणी मी भरणार नाही.

इतर ठिकाणी भरावी, असं माझं मत आहे, आणि ते भाषेसाठी किंवा मुळांसाठी नाही. सिडनी-मेलबर्नमध्ये बेटांची आणि गावांची मंडळं बरीच आहेत. मेलबर्नचं इथाकावाल्यांचं १९१६ चं, सिडनीचं किथिरावाल्यांचं १९२२ चं. कितीतरी मंडळांकडे स्वतःच्या वास्तू आहेत, ज्या स्वस्ताईच्या काळात खरेदी झाल्या आणि आज ज्यांची किंमत सभासदांच्या कल्पनेपलीकडे गेली आहे. सभासद मात्र वर्षागणिक कमी होतात. वास्तू विकायची का, शेजारच्या बेटाच्या मंडळात विलीन व्हायचं का, पैसा म्हाताऱ्यांच्या घरपोच सेवेला द्यायचा, भाषावर्गाला की गावच्या चर्चच्या घुमटाला, हे येत्या दहा-पंधरा वर्षांत ठरायचं आहे. माझ्या मते विकावं, विलीन व्हावं, आणि पैसा आधी म्हाताऱ्यांवर खर्च करावा, घुमट शेवटी. जुन्या कार्यकारिणीला बहुधा घुमट आधी हवा असेल. पणतीचं मत काय आहे ते अजून कुणी विचारलेलं नाही. ती सभासद नाही, त्यामुळे वार्षिक सभेची नोटीस तिला जात नाही.